बिडी, बाटली आणि झोपेची गोळी : रमजानमध्ये औषधांचे बदलणारे गणित

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या दवाखान्यांत गर्दी वाढते. बीपीची सकाळची गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारनंतर, शुगरची दुपारची गोळी कुठे बसवायची, इन्सुलिनचे युनिट किती कमी करायचे, हे विचारायला माणसे येतात. ही फार चांगली गोष्ट आहे. डॉक्टरांनाही आता याची सवय झाली आहे. माझ्या ओळखीचे एक हिंदू डॉक्टर तर सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवतात आणि त्यावर बोट ठेवून डोस सांगतात.

पण त्याच रांगेत बसलेला माणूस तीन गोष्टी सांगत नाही. दिवसाला किती बिड्या ओढतो, संध्याकाळी 'घेतो' का, आणि रात्री झोपण्यासाठी कोणती गोळी खातो. बिडीबद्दल विचारले तर 'कधीतरी' म्हणतो. दारूबद्दल डॉक्टर विचारतच नाहीत. नाव मुसलमानाचे, डोक्यावर टोपी, शेजारी बुरख्यातली बायको. असा प्रश्न विचारणे त्यांना अपमानासारखे वाटते, आणि पेशंटला तो न विचारलेलाच बरा वाटतो. झोपेची गोळी तर औषधात मोजलीच जात नाही.

रमजानमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी एकदम बदलतात. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाण्याबरोबर धूरही वर्ज्य असतो. दारू इस्लाममध्ये बाराही महिने हराम आहे. तरीही पिणारे आहेत, आणि त्यांतले बरेच जण चाँद दिसला की महिनाभरासाठी बाटली बंद करतात. झोपेचे तर तुकडेच होतात. तरावीहची नमाज संपवून घरी यायला दहा-साडेदहा वाजतात आणि सहेरीसाठी पुन्हा चारच्या सुमारास उठायचे असते. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस मात्र जुन्या सवयींच्या शरीराला बेतलेला असतो. सवय बदलली की तोच डोस कुणाला जास्त पडतो, कुणाला कमी.

धुराचे काम यकृतात

बिडीपासून सुरुवात करू, कारण तिची गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. आपण घेतलेले बहुतेक औषध यकृतात मोडले जाते. हे काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तिथे असतात. बिडी-सिगारेटच्या धुरात जळालेल्या पानातून तयार होणारी काही रसायने असतात. ती यकृतातल्या एका विशिष्ट विकराचे उत्पादन वाढवतात. कारखान्यात जादा कामगार लावावेत तसे. मग त्या विकराकडून मोडली जाणारी औषधे ओढणाऱ्याच्या अंगातून लवकर निघून जातात. त्याला तोच परिणाम मिळवण्यासाठी जास्त डोस लागतो, आणि डॉक्टर गुण येईपर्यंत वाढवत वाढवत तो तिथपर्यंत नेतात.

आता या माणसाने अचानक बिडी सोडली, तर आठवडाभरात हे जादा कामगार घरी जातात. औषधाचा डोस तेवढाच, पण मोडणारे हात कमी. ते रक्तात साठू लागते.

दम्याच्या जुन्या पेशंटांना डेरिफायलिन हे नाव चांगले ठाऊक असते. त्यात थिओफिलिन असते. थिओफिलिनचे वैशिष्ट्य असे की उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. धूम्रपान न करणाऱ्या प्रौढाच्या रक्तातले थिओफिलिन निम्मे व्हायला साधारण आठ तास लागतात. ओढणाऱ्यात ते चार-पाच तासांतच निम्मे होते. अशा माणसाने पहिल्या रोजापासून बिडी पूर्ण सोडली, तर दुसऱ्या आठवड्यात मळमळ, उलटी, हात थरथरणे, छाती धडधडणे अशी लक्षणे दिसू शकतात. मात्रा फार वाढली तर फिट येते. घरचे म्हणतात, उपाशीपोटी उन्हात फिरले म्हणून पित्त झाले. त्यातच घसा धरला म्हणून कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले तर आणखी भर पडते, कारण ही अँटिबायोटिक त्याच विकराला आडवी येते.

मानसिक आजाराच्या औषधांत ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन याच वाटेने जातात. या पेशंटांमध्ये बिडी-सिगारेटचे प्रमाण बरेच असते, आणि रमजानमध्ये घरचे लोक 'आता तरी सोड' म्हणून मागे लागतात. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण क्लोझापिन घेणाऱ्याने धूम्रपान थांबवले तर रक्तातले औषध दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. गुंगी, लाळ गळणे, बद्धकोष्ठता, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना कळवायचे, आणि डोस कमी करायचा तो त्यांनीच. आपल्या मनाने अर्धी गोळी करायची नाही.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत. एक, हे काम धुराचे आहे, निकोटिनचे नव्हे. तंबाखू मळून खाणाऱ्याला किंवा गुटखावाल्याला त्याचे इतर सगळे रोग होतात, पण औषधांचे हे गणित त्याच्या बाबतीत बदलत नाही. निकोटिनच्या च्युइंगमनेही नाही. दोन, जो माणूस दिवसाच्या सगळ्या बिड्या इफ्तार ते सहेरी एवढ्या वेळात ओढून काढतो, त्याच्या यकृताला रमजानचा पत्ताही लागत नाही. पानटपरीवर मगरिबनंतरची झुंबड पाहिली की अशी यकृते पुष्कळ असावीत असे वाटते.

आणि चहा. चहा-कॉफीतले कॅफीन त्याच विकराने मोडते. ओढणाऱ्याच्या अंगात ते जेमतेम निम्मा वेळ टिकते. बिडी खरोखर सुटली की इफ्तारनंतरचे तेच तीन कप दुप्पट वेळ अंगात राहतात. झोप उडते, जीव घाबरतो. मग माणूस म्हणतो, बिडी सोडल्यामुळे झोप येत नाही, आणि झोपेची गोळी मागायला मेडिकलवर जातो. चहा निम्मा केला असता तरी बऱ्याच जणांचे भागले असते.

चाँद दिसला, बाटली बंद

दारूवर लिहिताना आमच्याकडचे काही वाचक नाराज होतात. रमजानच्या पानावर हा विषय कशाला, असे म्हणतात. परफ्यूममध्ये अल्कोहोल आहे का, हे बाटली उलटीसुलटी करून वाचणारे लोक आमच्यात आहेत, आणि रोज संध्याकाळी क्वार्टर लागणारेही आहेत. दुसऱ्यांबद्दल न बोलल्याने ते नाहीसे होत नाहीत.

हिंदू वाचकांना हे अनोळखी नाही. आषाढी अमावास्येला गटारी साजरी करून श्रावणभर न पिणारे प्रत्येक गल्लीत असतात. दोन्हीकडचा निश्चय मनापासून असतो. जो अधूनमधून घेतो त्याला यात काहीच धोका नाही. उलट यकृताला आराम मिळतो. धोका आहे तो वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला.

अशा माणसाचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दाब एकदम काढला की तो उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी आहे. ती नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या रोजाला येते, आणि घरातले म्हणतात रोजा झेपला नाही, कमजोरी आली. श्रावणात उपवासाला बोल लावतात. त्या माणसाला खजूर किंवा लिंबूपाणी पुरत नाही. दवाखान्यात ठराविक दिवस ठराविक औषध देऊन आणि बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देऊन ही दारू सुरक्षितपणे सोडवता येते. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटले तर पहिला रोजा नीट धरता येतो.

दारू सुटल्यावर इतर औषधांचे काय होते? रोज भरपूर पिण्याने यकृत काही औषधे जास्त वेगाने मोडायला शिकते. फिटसाठीचे फेनिटॉइन त्यातले एक. पिणे थांबले की हळूहळू हा वेग उतरतो आणि फेनिटॉइन साठते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, झोकांड्या जाणे अशी लक्षणे येतात. म्हणजे दारू सोडलेला माणूस प्यायल्यासारखा चालू लागतो. शेजारीपाजारी काय बोलत असतील याची कल्पना करा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचे तर दोन्हीकडून आहे. रोजच्या पिण्याने त्याचा असर कमी होतो, एखाद्या रात्री एकदम भरपूर प्यायल्याने वाढतो आणि रक्तस्रावाची भीती निर्माण होते.

जे पिणे थांबवत नाहीत त्यांच्यासाठी यादी लांब आहे. त्यातले तीन प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात. पहिला मधुमेहाचा. पोट रिकामे असताना यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते. दारू हे काम अडवते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तर साखर खाली ओढतच असते. दिवसभराचा रोजा असो, नवरात्राचा कडक उपवास असो की नुसता कामाच्या धांदलीत चुकलेला जेवणाचा डबा, वरून दोन पेग पडले की साखर धोकादायक खाली जाते. माणूस बरळतो, घामाघूम होतो, रस्त्यात पडतो. तोंडाला वास येतो म्हणून लोक 'पिऊन पडलाय' म्हणत ओलांडून जातात. तो शुद्धीवर असेल तर साखर किंवा गोड सरबत द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, सरळ १०८ ला फोन करावा.

दुसरा टीबीचा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधे यकृतावर भार टाकतात. दारू तोच भार वाढवते. कावीळ झाली की औषधे मध्येच थांबवावी लागतात आणि टीबी पुन्हा डोके वर काढतो. तिसरा साध्या पॅरासिटामोलचा. प्रौढ माणसासाठी चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहाच गोळ्या. रोज पिणाऱ्यासाठी ही मर्यादा त्याहून बरीच खाली येते, आणि उपाशी शरीरात पॅरासिटामोलचे विष निकामी करणारा साठाही कमी असतो. हँगओव्हरला ही गोळी मूठभर खाणारे लोक असतात.

दारू सोडवण्याच्या गोळीबद्दल वेगळे लिहायला हवे. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरच्या औषधाचा शोध घेत होते. डायसल्फिराम हे रसायन त्यांनी स्वतः घेऊन पाहिले आणि त्यानंतर थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. दारूपासून शरीरात तयार होणारे अॅसिटाल्डिहाइड पुढे मोडूच द्यायचे नाही, हे या गोळीचे काम. पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने दिली तर ती उपयोगी आहे. आपल्याकडे ती कंटाळलेली बायको किंवा आई डाळीत, चहात गुपचूप कालवते. 'रमजानचा महिना आहे, सुटली तर सुटेल' अशी भाबडी आशा असते. त्याला ठाऊक नसते, तो बाहेर जाऊन पितो, आणि रक्तदाब कोसळून किंवा हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतते. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याने ती समजून-उमजून घेतली आहे त्यानेही खोकल्याच्या औषधाचे लेबल वाचावे. आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होते, आणि द्राक्षासवाचे दोन चमचेही अशा माणसाला महागात पडू शकतात. जुलाबाच्या मेट्रोनिडाझोलबरोबरही दारू टाळायला सांगतात, ती याच प्रकारच्या त्रासाच्या भीतीने.

सहेरीला उठवायचे कसे

झोपेच्या गोळीचे रमजानमधले गणित साधे आहे. गोळी सात-आठ तासांच्या झोपेसाठी असते आणि हातात असतात पाच. अल्प्राझोलम निम्मे व्हायलाच अकरा-बारा तास लागतात, क्लोनाझेपामला दीड दिवसाच्या आसपास. सहेरीला उठलेला माणूस अर्धवट गुंगीतच जेवतो, फज्रला मोटारसायकलवरून जातो, नंतर कामावर. झोल्पिडेमसारख्या कमी काळ टिकणाऱ्या गोळीबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीचा डोस निम्मा करायला सांगितला. सकाळी गाडी चालवताना रक्तात ती शिल्लक सापडत होती.

गोळी एकटी असेपर्यंत निदान अंदाज तरी बांधता येतो. खरी भीती जोडीची. झोपेच्या गोळ्या, दारू, कोडीनचे कफ सिरप, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, मज्जातंतूच्या दुखण्यावरचे प्रीगाबालिन, सर्दीच्या जुन्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, ही सगळी मेंदूला एकाच दिशेने खाली दाबतात. मेंदूचा जो भाग झोपेतही श्वास चालू ठेवतो तोही दाबला जातो. 'द डार्क नाइट'मधला जोकर रंगवणारा हीथ लेजर २२ जानेवारी २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वैद्यकीय तपासणीत सहा औषधांचा एकत्रित परिणाम हे कारण निघाले. दोन कडक वेदनाशामके, तीन झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, आणि सहावे डॉक्सिलामिन, म्हणजे सर्दी-झोपेवरचे साधे औषध. त्यांत रस्त्यावर मिळणारा नशेचा पदार्थ एकही नव्हता. मृत्यू अपघाती ठरला. २०१६ मध्ये अमेरिकेत अशा वेदनाशामकांवर आणि या गोळ्यांवर, दोन्ही एकत्र घेऊ नयेत असा चौकटीतला इशारा सक्तीचा झाला.

हे अमेरिकेपुरते नाही. मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत अल्प्राझोलमला 'कुत्ता गोली' म्हणतात. बारा-बारा तासांच्या पाळीनंतर पोरे ती खातात, कधी कफ सिरपबरोबर, कधी दारूबरोबर. रमजानमध्ये त्यांतले काही दारू सोडतात, पण गोळी सोडत नाहीत. गोळी म्हणजे दवाच ना, ती हराम कशी, असा हिशेब असतो. नशा आणणारे सगळे त्याच नियमात येते हे कोणताही मौलाना सांगेल.

दुसऱ्या टोकाला सज्जन, पापभीरू माणसे असतात. डॉक्टरांनीच लिहून दिलेली क्लोनाझेपाम पाच-सात वर्षे चालू असते आणि पहिल्या रोजाला ती एकदम बंद करतात, इबादत शुद्ध मनाने व्हावी म्हणून. अशी गोळी अचानक थांबवली तर दारूसारखेच होते. झोप पार उडते, अंग थरथरते, फिटही येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्यांनी पाव पाव कमी करत उतरवायची असते, आणि त्यासाठी रमजान ही काही सोयीची वेळ नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सूट कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिली आहे. नंतर रोजे भरून काढता येतात, आणि बरे न होणाऱ्याला गरिबाला जेवण देऊन ती जबाबदारी पार पाडता येते.

अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या वहीत नोंद करायची, ती वही तीन वर्षे ठेवायची. वही ठेवणारे मेडिकलवाले आहेत. मला भेटलेल्यांपैकी एका भाईंनी तर चिठ्ठी पाहून आधी विचारले, "चाचा, ही कोणासाठी? बिडी ओढतात का? बाकी काय चालू आहे?" चाचा जरा चिडले. मग खिशातून पाठदुखीच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती ट्रॅमाडॉलची होती. भाईंनी झोपेची गोळी दिली नाही. डॉक्टरांना फोन लावून दिला.

घरात कोणी जोडीने घेतले असेल तर हे ओळखावे. हलवूनही न उठणे, जोरात घरघर लागून मध्येच श्वास थांबणे, ओठ निळसर पडणे. 'झोपू दे, सहेरीला उठवू' असे म्हणून दिवा मालवू नये. कुशीवर वळवून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत न्याव्यात, आयुर्वेदिक बाटल्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. बिडी-दारूचा आकडा सांगायला बायको-मुलांसमोर अवघड जात असेल तर दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे म्हणावे. डॉक्टर तो आकडा डोस ठरवण्यासाठी वापरतात, मशिदीत जाऊन सांगत नाहीत. आणि डॉक्टरमंडळींनी नावावरून अंदाज न बांधता प्रत्येकाला विचारावे. टोपीवाल्यालाही, माळकऱ्यालाही.

शेवटचा मुद्दा ईदचा. बरेच जण ईदच्या नमाजनंतर शीरखुर्मा खाऊन पहिली बिडी पेटवतात, आणि बासी ईदला बाटलीही उघडते. महिनाभर न प्यालेल्याला पूर्वीचे प्रमाण आता झेपत नाही. धूर पुन्हा रोजच्यासारखा सुरू झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत यकृताचे जादा कामगार कामावर परततात. मग रमजानमध्ये कमी केलेला ओलॅन्झापिनचा डोस अपुरा पडू लागतो आणि आजार उलटू शकतो. म्हणून ज्यांचे असे औषध रमजानसाठी बदलले आहे त्यांनी शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख डॉक्टरांकडून आताच घेऊन ठेवावी. त्या भेटीत बिड्या सुरू झाल्या की नाही, तेही सांगावे.